हवाई झुंज : लढाऊ वैमानिकाचे यश

शत्रूच्या विमानाशी आकाशात प्रत्यक्ष सामना करून ते पाडणे वा परतवून लावणे, हे लढाऊ वैमानिकाचे मुख्य कार्य होय. अशा सामन्यास हवाई झुंज म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून (१९१४–१८) पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकास ‘एस’ म्हणजे एक्का ही अनौपचारिक पदवी देण्याचा प्रघात पडला. प्रत्येक मोठ्या हवाई युद्धाच्या नोंदी चाळल्या असता एक गोष्ट सतत आढळते. विमाने सारखी, शिक्षण सारखे आणि संधीही जवळपास सारखी असूनही थोड्याच वैमानिकांच्या नावावर पाडलेल्या विमानांचा फार मोठा वाटा असतो, तर बहुसंख्य वैमानिकांच्या नावावर एकही विमान नसते. या विषमतेची कारणे शोधताना आरंभी शौर्य, नेमबाजी, विमान उडविण्याचे कौशल्य किंवा विमानाचा वेग यांवर भर दिला जात असे. हे गुण आवश्यक आहेतच. परंतु एका शतकाच्या अनुभवातून निर्णायक ठरलेला गुण वेगळाच आहे. आपण कोठे आहोत, शत्रू कोठे आहे, आपला जोडीदार कोठे आहे आणि पुढील काही सेकंदांत हे सर्व कोठे असतील, याची अखंड जाणीव म्हणजे तो गुण. त्यास परिस्थितिभान असे म्हणता येईल.

परिस्थितिभान आणि जुन्नर–आंबेगाव परिसरातील दुर्घटना : हे भान केवळ युद्धातच लागते असे नाही. आकाशात वावरणाऱ्या प्रत्येक वैमानिकाचे जीवित त्यावर अवलंबून असते. ते सुटल्यास काय घडते, याचे एक दारुण उदाहरण पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात घडले. जुन्नर व आंबेगाव हे या भागातील लगतचे तालुके. त्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग असून नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, भीमाशंकर ही तेथील प्रसिद्ध स्थळे होत. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांमधून डोंगरांचे फाटे पूर्वेकडे पसरले आहेत. पावसाळ्यात ही शिखरे दिवसचे दिवस ढगांत बुडालेली असतात. पूर्वेकडून मुंबईकडे येणारे विमान या मुलखावरून खाली येत असेल, तर सह्याद्री ओलांडेपर्यंत त्याने पुरेशी उंची राखणे अनिवार्य ठरते.

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने इटलीच्या अलिटालिया कंपनीचे डीसी–८ जातीचे जेट विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून निघालेले हे विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. अपघाताचे ठिकाण मुंबईपासून सुमारे ८४ किमी. अंतरावर असून तेथील उंची सुमारे ३,६०० फूट (सुमारे १,१०० मी.) होती. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की मार्गनिर्धारणातील चुकीमुळे आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि रात्रीच्या वेळी, बाहेरचे काही दिसत नसताना, त्याने विमान वेळेपूर्वीच खाली आणले. मनातील आकाश व प्रत्यक्षातील आकाश यांत काही किलोमीटरांची तफावत पडली आणि तेवढी ९४ जणांच्या मृत्यूस पुरेशी ठरली. प्रवासी विमानाच्या वैमानिकास हे भान काही मिनिटांच्या अवधीत राखावयाचे असते; लढाऊ वैमानिकास ते सेकंदांच्या अवधीत, आणि चुकविणारा शत्रू समोर असताना, राखावे लागते. दोहोंत फरक आहे तो वेळेचा व विरोधकाचा.

नियमांचा उगम : १९१५ मध्ये फिरत्या पंख्यातून पुढे गोळीबार करू शकणारी यंत्रबंदूक विमानावर बसविण्यात आली आणि हवाई झुंजीस खरा प्रारंभ झाला. जर्मन वैमानिक ओस्वाल्ट बोल्के याने १९१६ मध्ये या झुंजीचे आठ नियम सिद्ध केले. सूर्य पाठीशी घेऊन व उंचीचा लाभ साधून हल्ला करावा, सुरू केलेला हल्ला तडीस न्यावा, अगदी जवळ गेल्यावरच गोळीबार करावा, प्रतिस्पर्ध्यावरील नजर ढळू देऊ नये, मागून हल्ला करावा, शत्रूच्या प्रदेशावर असताना परतीची वाट विसरू नये आणि शक्यतो गटाने लढावे, असा त्यांचा आशय आहे. यांतील बहुतेक नियम विमान कसे उडवावे याविषयी नसून कोणी कोणास आधी पाहावे याविषयी आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

नियम करणारेही त्यांना अपवाद ठरले नाहीत. चाळीस विमाने पाडणारा बोल्के २८ ऑक्टोबर १९१६ रोजी शत्रूच्या गोळीने नव्हे, तर झुंजीच्या गर्दीत स्वतःच्याच सहकाऱ्याच्या विमानाशी टक्कर होऊन मरण पावला. त्याचा शिष्य मॅन्फ्रेट फोन रिख्टहोफेन याच्या नावावर ८० विमाने होती. २१ एप्रिल १९१८ रोजी एका विमानाचा पाठलाग करताना तो शत्रूच्या हद्दीत फार खालून खोलवर गेला व मारला गेला. त्याच वर्षी इंद्रलाल रॉय या कलकत्त्याच्या तरुणाने ब्रिटिश हवाई दलाच्या ४० व्या स्क्वॉड्रनमधून लढताना जुलैमधील सुमारे दोन आठवड्यांत दहा विजय मिळविले. तो पहिला भारतीय एक्का होय. आदल्या वर्षी झालेल्या अपघातानंतर तो उड्डाणास अपात्र ठरविला गेला होता. प्रयत्नपूर्वक त्याने पुन्हा पात्रता मिळविली. २२ जुलै १९१८ रोजी तो झुंजीत मारला गेला. तेव्हा त्याने वयाची वीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

दृष्टी व आश्चर्याचा धक्का : झुंजीत पाडल्या गेलेल्या वैमानिकांपैकी पुष्कळांना आपल्यावर हल्ला होत असल्याची जाणीव गोळ्या लागेपर्यंत झालेली नसते, ही गोष्ट अनेक युद्धांतील साक्षींतून पुढे आली आहे. म्हणून प्रथम दिसणे हे निम्मे यश होय. मात्र आकाशात पाहणे वाटते तितके सोपे नाही. निरभ्र व रिकाम्या आकाशात डोळ्यास स्थिरावण्यासारखी वस्तू नसते. त्यामुळे दृष्टी नकळत काही मीटरांवरच केंद्रित होते आणि दूरचा ठिपका नजरेतून निसटतो. यासाठी वैमानिकास आकाशाचे भाग पाडून क्रमाने न्याहाळण्याची, मधूनमधून ढगाच्या कडेवर वा क्षितिजावर नजर टेकवून ती दूरवर स्थिर करण्याची सवय लावली जाते. शिवाय शत्रू बहुधा सूर्याच्या दिशेने किंवा मागून व खालून येतो, म्हणजे जेथे पाहणे सर्वांत कठीण तेथूनच येतो.

विमानाच्या रचनेसही या दृष्टीने महत्त्व येते. कोरियन युद्धात (१९५०–५३) अमेरिकी सेबर विमानाची चढण्याची क्षमता सोव्हिएट बनावटीच्या मिग–१५ पेक्षा कमी होती. परंतु सेबरच्या घुमटाकार पारदर्शक छतामुळे वैमानिकास सभोवार दिसे आणि जलशक्तिचालित नियंत्रकांमुळे एका हालचालीतून दुसरीत चटकन जाता येई. त्या युद्धात सेबर उडविलेल्या जॉन बॉइड या अमेरिकी वैमानिकाने पुढे १९७० च्या दशकात या अनुभवावर आधारित असा सिद्धांत मांडला. निरीक्षण, परिस्थितीचे आकलन, निर्णय व कृती हे चक्र जो प्रतिस्पर्ध्यापेक्षा जलद पुरे करतो, तो त्याला सतत जुन्या परिस्थितीस उत्तर देत ठेवतो, असे त्याचे प्रतिपादन होते. याउलट मिग–२१ हे स्वनातीत विमान वेगात अग्रेसर असले, तरी त्यातून मागील बाजूचे दृश्य मर्यादित असे. नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात तयार झालेली ही विमाने भारतीय वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. २०२५ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली.

जोडीदाराचे महत्त्व : एकट्या वैमानिकास चहूकडे पाहणे अशक्य असते, म्हणून लढाऊ विमाने जोडीने उडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश हवाई दलाची विमाने तीन-तीनच्या घट्ट बाणाकृती रचनेत उडत. ही रचना दिसण्यास डौलदार होती. पण तीत मागील दोघांचे सारे लक्ष नेत्याच्या विमानापासूनचे अंतर राखण्यात गुंते आणि बाहेर पाहणारा एकटा नेताच उरे. व्हेर्नर म्यॉल्डर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात सैल अंतर ठेवून उडणाऱ्या दोन जोड्यांची रचना विकसित केली. हाताची चार बोटे पसरली असता जशी दिसतात तशी ही चार विमाने असत. प्रत्येकास दुसऱ्याची पाठ दिसे व सर्वांचे डोळे बाहेर असत. १९४१ च्या सुमारास ब्रिटिशांनीही हीच रचना स्वीकारली व ती पुढे बहुतेक हवाई दलांत रूढ झाली.

हवाई इतिहासात सर्वाधिक, म्हणजे ३५२ विजयांची नोंद असलेला जर्मन वैमानिक एरिख हार्टमान याची सुरुवात या दृष्टीने बोधप्रद आहे. पहिल्याच झुंजीत त्याने गोंधळून आपल्या नेत्याच्याच विमानास शत्रूचे विमान मानले, तेथून पळ काढला आणि इंधन संपल्यामुळे त्यास विमान मिळेल तेथे उतरवावे लागले. नंतरच्या काळात मात्र पाहणे, तोलणे व मगच हल्ला करणे, आणि परिस्थिती प्रतिकूल दिसल्यास झुंज टाळणे, ही त्याची पद्धत बनली. त्याच्या यशाचे गमक जन्मजात साहसापेक्षा अशा संयमात होते.

शारीरिक मर्यादा : वेगवान विमान तीव्र वळण घेते तेव्हा वैमानिकाच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या अनेक पट भार येतो. आधुनिक विमानांत तो नऊपटींपर्यंत जातो. अशा वेळी रक्त पायांकडे ओढले जाऊन मेंदूस ते कमी पडते. प्रथम दृश्याचे रंग फिके होतात, दृष्टिक्षेत्र कडेने आकुंचन पावते, नंतर काळोखी येते आणि अखेर शुद्ध हरपते. पाय व पोट आवळणारा दाबपोशाख, स्नायू ताणून श्वास रोखण्याची विशिष्ट पद्धत आणि नियमित व्यायाम यांच्या साहाय्याने ही मर्यादा वाढविता येते. भारतात बंगळूर येथील हवाई वैद्यक संस्थेत वैमानिकांना त्याचे शिक्षण देतात. शरीर थकले, की प्रथम भान आकुंचते: वैमानिक समोरच्या एकाच लक्ष्याकडे पाहत राहतो व पाठीमागचे विसरतो. शारीरिक क्षमतेचे खरे प्रयोजन हे आकुंचन लांबविणे होय.

शिक्षण व सामूहिक यश : वैयक्तिक एक्क्यांच्या कीर्तीपेक्षा युद्धाचा निकाल सरासरी वैमानिकाच्या तयारीवर अधिक अवलंबून राहिला आहे. जपान व जर्मनी यांनी आपल्या अनुभवी वैमानिकांना बहुधा आघाडीवरच ठेवले, तर अमेरिकेने अनेक यशस्वी वैमानिकांना माघारी आणून शिक्षक नेमले. परिणामी फिलिपीन समुद्रावरील लढाईत १९ जून १९४४ या एका दिवसात जपानने सुमारे तीनशे विमाने गमावली. त्यांतील बहुतेक वैमानिक अल्पशिक्षित होते. व्हिएटनाम युद्धात अमेरिकेसही याच चुकीचा अनुभव आला. क्षेपणास्त्रे आल्यावर जवळून होणाऱ्या झुंजी संपल्या असे गृहीत धरून त्यांचे शिक्षण कमी करण्यात आले होते. एका अमेरिकी विमानामागे शत्रूची दोन ते अडीच विमाने एवढेच प्रमाण आढळू लागल्यावर अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये मिरामार येथे खास शाळा काढली. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात नौदलाचे हे प्रमाण एकास बाराच्या घरात गेले. वैमानिकास सर्वाधिक धोका पहिल्या दहा युद्धउड्डाणांत असतो, या निरीक्षणावरून अमेरिकी हवाई दलाने १९७५ मध्ये ‘रेड फ्लॅग’ हा सराव सुरू केला. पहिली दहा उड्डाणे युद्धाआधीच घडवून आणणे, हा त्यामागील हेतू होय. भारतीय हवाई दलाने २००८ मध्ये त्यात भाग घेतला.

भारतातील अनुभव : भारतीय हवाई दलाने १ फेब्रुवारी १९७१ रोजी आदमपूर येथे हवाई डावपेचांच्या अभ्यासासाठी व शिक्षणासाठी स्वतंत्र तुकडी स्थापन केली. पुढे ती जामनगरला व तेथून ग्वाल्हेरला हलविण्यात आली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी पूर्व सीमेवरील बोयरा येथे झालेली झुंज या विषयाचा आदर्श पाठ मानावा लागेल. त्या दिवशी पाकिस्तानी सेबर विमाने आधी दोनदा येऊन गेली होती व भारतीय विमानांना ती गाठता आली नव्हती. दुपारी ती पुन्हा आली तेव्हा डमडम तळावरून २२ व्या स्क्वॉड्रनची चार नॅट विमाने झेपावली. जमिनीवरील नियंत्रक बागची यांनी रडारच्या आधारे त्यांना योग्य दिशेने व योग्य क्षणी शत्रूपर्यंत नेले. मॅसी, गणपती, लाझारस व सोआरिस या चार वैमानिकांनी तीन सेबरांशी सामना दिला. दोन सेबर पाडली गेली, त्यांचे वैमानिक पकडले गेले, तर तिसरे नुकसान सोसून परतले. भारताचे एकही विमान पडले नाही. नॅट विमान अत्यंत लहान असल्याने ते उशिरा दिसे, हाही लाभ झाला. या यशात पाचवा वाटेकरी जमिनीवर होता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच युद्धात १४ डिसेंबर रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असतानाच उड्डाण केले. सहा सेबरांचा हल्ला चालू असताना जोडीदाराशी दृष्टिसंपर्क तुटला आणि त्यांना एकट्यानेच झुंजावे लागले. त्यात ते वीरगती पावले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. हवाई दलातील हे एकमेव परमवीरचक्र होय. शौर्य व यश या दोन भिन्न कसोट्या आहेत, हे या घटनेवरून स्पष्ट होते. एकट्या वैमानिकाची लढण्याची सिद्धता संख्याबळास काही काळ थोपवू शकते. जोडीदाराच्या डोळ्यांची उणीव ती भरून काढू शकत नाही.

मराठी भाषकांचाही या क्षेत्रात लक्षणीय वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले हृषीकेश मुळगावकर (१९२०–२०१५) यांना १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले. १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख होते. अनिल टिपणीस (१९९८–२००१), प्रदीप नाईक (२००९–११) व विवेक चौधरी (२०२१–२४) हे नंतरचे हवाई दलप्रमुखही लढाऊ वैमानिकच होत. दिलीप परुळकर यांनी १९६५ च्या युद्धात खांद्याला गोळी लागली असताना विमान तळावर परत आणले. १९७१ मध्ये जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करताना विमानवेधी माऱ्याने त्यांचे विमान पडले व ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. मात्र अफगाण सरहद्दीजवळ तिघेही पुन्हा पकडले गेले. त्यांच्या विमानाचे पतन हवाई झुंजीत झाले नाही, हेही सूचक आहे. लढाऊ वैमानिकाच्या वाट्यास येणारा मोठा धोका पुष्कळदा जमिनीवरून येतो व त्याची नोंद विजयांच्या यादीत होत नाही.

विजयांची गणना : पाडलेल्या विमानांचे आकडे सावधपणे स्वीकारावे लागतात. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर तपासलेल्या कागदपत्रांनुसार ती सुमारे साठच होती. एकाच विमानावर अनेकांनी गोळीबार केलेला असतो व धूर सोडणारे प्रत्येक विमान पडतेच असे नाही. याउलट खरा विजय अज्ञातही राहू शकतो. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधावरील हल्ल्यात स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांनी वेगाने दुय्यम असलेल्या मिस्टेअर विमानातून स्टारफायटर विमानाशी झुंज दिली. ते परतले नाहीत. पाकिस्तानी बाजूची माहिती पुढे आल्यावरच त्यांचा पराक्रम उजेडात आला आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

आधुनिक स्थिती : दृष्टीपलीकडे मारा करणारी क्षेपणास्त्रे, हवाई पूर्वसूचना विमाने व विमानाविमानांतील माहितीची देवाणघेवाण यांमुळे झुंजीचे अंतर शेकडो मीटरांवरून अनेक किलोमीटरांवर गेले आहे. पुण्याजवळील लोहगाव हवाई तळ १९३९ मध्ये स्थापन झाला. सुखोई–३० विमाने भारतात प्रथम १९९७ मध्ये याच तळावर आली व त्यांची सुधारित एमकेआय आवृत्ती २००२ मध्ये तेथे दाखल झाली. या विमानात दोन वैमानिक असतात. एकाने विमान व झुंज सांभाळावी आणि दुसऱ्याने रडार व शस्त्रे यांकडे पाहावे, अशी कामाची वाटणी त्यात करता येते. पूर्वी माहिती अपुरी असे; आता ती इतकी येते, की तीतून नेमके काय पाहावे हाच प्रश्न असतो. अतिरिक्त माहितीनेही भान हरपते. साधने बदलली, तरी मूळ कसोटी बदललेली नाही.

लोहगावच्या उत्तरेस जुन्नर–आंबेगावचे डोंगर उभे आहेत. १९६२ मध्ये तेथे घडलेला अपघात व बोयराची झुंज यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तथापि एके ठिकाणी आपण कोठे आहोत याविषयीची समजूत चुकली, तर दुसऱ्या ठिकाणी जमिनीवरील नियंत्रक व आकाशातील चौघे यांना ती अचूक राखता आली. लढाऊ वैमानिकाच्या निवडीत व शिक्षणात साहसाइतकेच महत्त्व या जाणिवेस दिले जाते, आणि उड्डाणानंतर प्रत्येक झुंजीची क्षणवार उजळणी करण्याची पद्धत तीच जाणीव दृढ करण्यासाठी आहे. यशाचे मोजमाप केवळ किती विमाने पाडली यावर न करता, नेमून दिलेले कार्य पूर्ण झाले की नाही आणि बरोबर गेलेला जोडीदार परत आला की नाही, यांवरही करणे अधिक युक्त होय.